स्वराजचं जावळ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय वाल्मीकदादा,

काल फोनवर म्हणालास, कांदे निघाले, रविवारी जावळाला येतो.

स्वराजच्या अंडगोळ्या जन्मापासून पोटातच अडकलेल्या. डॉक्टर म्हणाले होते, वर्षाच्या आत ऑपरेशन करा. सासूबाई म्हणाल्या, "मामाच्या मांडीवर जावळ झाल्याशिवाय पोराच्या अंगाला पातं लावायचं नाही. आणि असल्या जागेचं माहेरी सांगू नको." म्हणून मी तुला नुसतं 'ये ना' म्हणत राहिले. पाच वर्षं तू कांद्यातून निघालाच नाहीस.

गेल्या आठवड्यात तो पोट धरून किंचाळायला लागला. डॉक्टरांनी उघडून पाहिलं, तर एक सडलेली, दुसरी सुकून गेलेली. दोन्ही काढून टाकल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. तू ये, मांडी घालून बस. केस तेवढे शिल्लक आहेत.

तुझी,
निकिता