धुराची वाट माझ्या खोलीतून

६ जानेवारी, मंगळवार

स्वयंपाकघर आज उकललं. ओटा गेला, फरश्या गेल्या. चौतीस वर्षं ज्या भिंतीवर फोडण्या उडाल्या ती खरवडून काढली, तर खाली मूळचा निळा रंग निघाला. मला आठवेना, शैलाला आठवला.

बरकतपुऱ्यात घर बांधलं तेव्हा धूर खिडकीतून जायचा. जायचा म्हणजे समोरच्या रेड्डीगारूंच्या बेडरूममध्ये. गेल्या उन्हाळ्यात शैलाने काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजल्या आणि रेड्डीगारू डोळे पुसत फाटकात हजर. "एमंडी, मळ्ळी मसालाना?" पुन्हा मसाला का, एवढंच बोलले, पण खोकत खोकत.

म्हणून चिमणी. म्हणून नळी. शैलाचं म्हणणं स्पष्ट : मार्चात मसाला करायचा तर आपल्याच ओट्यावर, आपल्याच कढईत. ते जमणार नसेल तर कायमचा बंद. अंबरपेठेपासून मलकपेठेपर्यंत लातूर-उदगीरकडची तीसेक घरं तिच्या डब्याची वाट बघतात. "बंद" म्हणताना ती खोकली. प्लास्टरची धूळ फार झालीय.

८ जाने., गुरुवार

नळीवाला मिस्त्री परवा येणार होता, आज आला. "परसों बोला था ना साब" म्हणाला. या गावात परसों म्हणजे गेला आठवडाही होतो आणि पुढचा महिनाही, त्यामुळे वाद घातला नाही.

नाव खाजामियाँ. पन्नाशीचा. चेहऱ्यावर कायमची झोप. शै.ला मराठीत म्हटलं, "तोंड बघ, आत्ता अंथरुणातून उचलून आणल्यासारखं. याला काही कळत नसणार. तू नुसती मान डोलाव, करायचं ते आपण आपल्या मनाने." शै. हसली. खाजामियाँ छताकडे बघत होता.

मराठीची ही सोय या गावात लाखमोलाची. रिक्षात, भाजीवाल्यापुढे, लग्नाच्या बोलणीतसुद्धा आम्ही दोघं बिनधास्त खलबतं करतो. फक्त सुलतान बाजारात चालत नाही. तिथे निम्मे दुकानदार आपलेच.

९ जाने., शुक्रवार

मुख्य अडचण अशी. खिडकीच्या बाजूला रेड्डीगारू, तिकडे नळी काढणं शक्य नाही. मागे बोळ आहे, तिथे कोणी राहत नाही. पण स्वयंपाकघर आणि बोळ यांच्या मधे माझी खोली. माझं टेबल, माझे नकाशे, माझी आरामखुर्ची. खाजामियाँ सरळ बोट दाखवून म्हणतो, भिंतीतून साहेबांच्या खोलीत, छताखालून नाकासमोर, पलीकडच्या भिंतीतून बाहेर. नऊ फूट. पत्र्याची कडक नळी, सहा इंची.

माझ्या डोक्यावरून? धूर?

आयुष्यभर सरकारी कचेरीत पाण्याचे पाइप आखले. धूर काही वेगळा नसतो. रात्रभर विचार केला होता, सकाळी बसून नकाशाच काढला. स्वयंपाकघरातून वर माळ्यावर, तिथून पॅसेजला वळसा, न्हाणीघराच्या छतावरून मागे. अठरा फूट, चार वळणं, माझ्या खोलीला धक्का नाही. वळणांसाठी ती चमकणारी लवचीक नळी. सुबक काम झालंय. तीन रंगांत.

१० जाने., शनि.

नकाशा दाखवला. खाजामियाँने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "साब, धुआं पानी नै है. हर मोड पे बैठ के चाय पीता. तेल वहींच जमता. वो नालीदार पाइप तो नक्कोच."

मी शै.ला मराठीत : "टाळाटाळ करतोय. सोपं काम हवंय त्याला."

शै. मराठीत : "खोली खोली काय करता? दुपारी घोरायलाच तर लागते."

मी : "लोकांसमोर बोलू नकोस."

शै. : "कुठल्या लोकांसमोर? त्याला काय कळतंय."

खाजामियाँला त्याच वेळी खोकला आला. धूळ सगळ्यांनाच बाधते.

१२ जाने., सोम.

काम बंद. तो म्हणतो सरळ, मी म्हणतो नकाशाप्रमाणे. दिवसभर शिडीवर बसून त्याने चिमणीचे खिळे मोजले. माझा नकाशा कुठे दिसेना. शेवटी सापडला : घडी घालून शिडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली. शिडी आता हलत नाही, हे मान्य करावं लागेल.

१३ जाने., मंगळ. भोगी.

मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. सगळं हॉलमध्ये, छोट्या शेगडीवर. शै.ने खाजामियाँलाही ताट दिलं. तीन भाकरी खाल्ल्या. मी बाहेर पत्र्याच्या दुकानात होतो, परत आलो तर शै. लातूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मला बघून "बरं ठेवते" म्हणाली. खाजामियाँ शिडीवर होता, पण काम करत नव्हता. नुसता बसून होता, हातात भाकरीचा शेवटचा तुकडा.

विचारलं, काय झालं? "कुछ नै साब."

१४ जाने., बुध. संक्रांत.

सुट्टी. तिळगूळ. आकाशभर पतंग. शै. गच्चीवर आलीच नाही. जिने नको वाटतात म्हणाली. गेल्या वर्षी माझ्या आधी वर होती.

१६ जाने., शुक्र.

खाजामियाँला शेवटचं सांगितलं. नकाशाप्रमाणे करायचं असेल तर कर, नाहीतर दुसरा माणूस बघतो. "कल बोलतूं साब" म्हणाला. काय बोलायचंय त्याला?

१७ जाने., शनिवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

सकाळी शै. भाजीला गेली. खाजामियाँ आला, शिडी भिंतीला लावली, पण चढला नाही. हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन स्वच्छ मराठीत म्हणाला,

"साहेब, मी देगलूरचा. सातवीपर्यंत मराठी शाळेत होतो. तुम्ही बोलता ते पहिल्या दिसापासून समदं कळतंय."

मी खुर्चीत बसलो. नऊ दिवसांचं सगळं बोलणं डोळ्यांपुढून गेलं. झोपाळू तोंड. मान डोलाव. टाळाटाळ. माझं घोरणं. बुधवारी त्याच्या दाढीबद्दलही काहीतरी... नाही, बुधवारी सुट्टी होती. मंगळवारी.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मोकळ्या मनानं बोलत होता. मधी कसं तोंड घालावं?" मग म्हणाला, "आन् तोंड झोपेतलंच हाय साहेब. मायनंच तसं दिलंय."

मी माफी मागितली. त्याने हात हलवून ती बाजूला सारली. म्हणाला, त्यासाठी नाही बोललो.

"भोगीच्या दिवशी भाबी फोनवर बहिणीला सांगत होत्या. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते म्हनल्या. डागदरनं धुरापाशी उभं राहायचं न्हाई म्हनून सांगितलंय. पुढची तपासणी करायला गेल्याच न्हाईत. तुम्हाला कळू द्यायचं न्हाई म्हनल्या. मी पन सांगणार नव्हतो, घरातली गोष्ट हाय. पर तुम्ही चार मोड घालायला लावताय. चार मोड घातले तर धूर बाहेर जायचाच न्हाई, भाबीच्या तोंडावरच बसंल. ते माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

एवढं बोलून तो शिडीवर चढला.

धूळ, धूळ म्हणत होतो मी. याच वहीत लिहून ठेवलंय, मागची पानं उलटून पाहिलं. जिना नको म्हणाली तेही लिहिलंय. घरातला खोकला मला कळला नाही आणि शिडीवरच्या माणसाला कळला. फार लाज वाटली.

शै. आली. पिशवी ठेवायच्या आत विचारलं. ती आधी दचकली, मग शिडीकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "अगंबाई, याला मराठी येतं? मी तुमच्याबद्दल काय काय बोललेय याच्यासमोर!"

वरून आवाज आला, "ते मी कुणाला सांगत न्हाई, भाबी."

मग बसून बोललो. मला का सांगितलं नाहीस? तिचं उत्तर तयार होतं. "सांगितलं असतं तर तुम्ही नळी ठेवली असती बाजूला आणि मसालाच बंद केला असता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन. मग मी काय करायचं? दुपारी तुमच्याशेजारी घोरत पडू?"

खरं आहे. तस्संच केलं असतं मी. वर त्याचा नकाशाही काढला असता.

दोन गोष्टी ठरल्या. नळी सरळ, माझ्या खोलीतून. आणि तीस तारखेला, शुक्रवारी, डॉक्टरकडे मी बरोबर जाणार. पहिलीला "हौ" म्हणाली. दुसरीला "बघू".

१९ जाने., सोम.

माझी खोली रिकामी. नकाशे पलंगाखाली. गोल पातं असलेलं मशीन लावून दोन्ही भिंतींना गोल भोकं पाडली. सोबत पाणी, चिखल आणि असा आवाज की रेड्डीगारू बघायला आले. भोकं एका रेषेत आहेत. खाजामियाँने एका भोकाला डोळा लावला आणि मला दुसऱ्यातून हात हलवायला सांगितलं. हलवला.

शै. आता त्याच्याशी थेट मराठीतच बोलते. दोघं मिळून मला कामं सांगतात. आम्हा नवराबायकोला गुपचूप बोलायला भाषाच उरली नाही, काही सांगायचं तर कुजबुजावं लागतं. आज तिने कानात येऊन सांगितलं, "पंखा पुसून घ्या." हे कुजबुजण्यासारखं नव्हतं, पण सवय लागलीय.

२० जाने., मंगळ.

नळी चढली. शिकण्यासारखं बरंच निघालं. बाहेरच्या बाजूला बोटभर उतार, म्हणजे तेलाचं पाणी उलटं चिमणीत येत नाही. दर तीन फुटांवर पट्टी. प्रत्येक सांध्याला आधी स्क्रू, मग चंदेरी टेप, मग वरून हात फिरवून कुठे वारा निसटतो का ते बघणं. तोंड कुठेही आवळायचं नाही, सहा इंच ते शेवटपर्यंत सहा इंच. बाहेर झडप. झडप बसवून खाजामियाँ खाली उतरेपर्यंत तिच्यावर पारवा येऊन बसला. झडप उघडली की उडेल म्हणे. पारव्याचं मत तसं दिसलं नाही.

पत्र्याची नळी माझ्या आरामखुर्चीच्या बरोबर वर आहे. वर बघितलं की त्यात माझंच तोंड दिसतं, आडवं पसरलेलं.

२२ जाने., गुरु.

चाचणी. आधी चिमणीच्या जाळीला कागद लावून पाहिला, जेमतेम चिकटला. मी घाबरलो. खाजामियाँने खिडकी चार बोटं उघडली आणि म्हणाला, "आत हवा यायला नको का साहेब? घरातली तरी किती पुरंल?" कागद फट्कन चिकटला. मग परातीत निखाऱ्यावर ऊद टाकला. धूर वर उठला, वळला, आणि गेला. एकही वेटोळं खोलीत राहिलं नाही. माझ्या खोलीत जाऊन नळीखाली उभा राहिलो, शोधूनही वास सापडला नाही.

रेड्डीगारू खिडकीत येऊन दोनदा नाक ओढून गेले. मग न राहवून विचारलं, "क्या सर, आज कुछ नै पका?"

खाजामियाँ गेला. मार्चात मसाल्याचा एक डबा त्याच्या घरी जायचा आहे. करायचं ठरलं तर.

२५ जाने., रविवार

नवा ओटा आजपासून. शै. म्हणाली, नमुन्यापुरतं भाजून बघू, पाव किलोभर. मी अट घातली : कढईपाशी मी, तू दारात खुर्ची टाकून बस. बसली.

धणे बरे झाले. खोबरं टाकलं. चिमणी जोरात. धूर दिसतसुद्धा नव्हता, असा ओढून नेत होती. आणि शै. अचानक उठली, ओट्याशी आली आणि कढईत तोंड घातलं. मी ओरडलो.

"अहो मग कळणार कसं?" तीही ओरडली. "चौतीस वर्षं वासावर करतेय मी. वास सगळा तुमच्या खोलीतून बाहेर गेला!"

हे खाजामियाँच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि माझ्या तर नाहीच.

तिला परत बसवलं. "मग तुम्ही वाका," म्हणाली. वाकलो. "कसा येतोय?" चांगला. "चांगला म्हणजे? कच्चा, की खमंग, की कडू व्हायला लागलाय?" मला सांगता येईना. हाच मसाला इतकी वर्षं रोज ताटात घेतोय. सांगता येईना म्हणेपर्यंत खोबरं काळं झालं. पहिला घाणा फेकला.

दुसऱ्याला मिरच्या होत्या. शै. दारातूनच म्हणाली, "एकदाच चिमणीचा पंखा बंद करा. एक श्वास घेते, लगेच चालू करा."

मी नाही म्हटलं. ती नुसती कढईकडे बघत राहिली. बटणावर हात ठेवून किती वेळ उभा होतो कोण जाणे, मिरच्या वर-खाली करायच्याही राहिल्या.

बंद केला. तिने डोळे मिटले, एकच श्वास घेतला, "झालं, उतरवा" म्हणाली. मी आधी पंखा चालू केला, मग कढई उतरवली. ती खोकली नाही. म्हणजे मला ऐकू आलं नाही. पंख्याचा आवाज बराच आहे.