झेड बिल्डिंग, चार नंबर

६ जानेवारी, सोमवार

सहा टॉवर — ए, बी, सी, डी, ई, एफ. आणि सातवी बिल्डिंग एकदम झेड! मधली अक्षरं कुठं गेली, असं शेखर सरांना विचारलं. हे आमच्या बांधकाम साइटचे प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणाले, "क्षितिजा, गरिबांची बिल्डिंग आहे ती. जी म्हटलं तर गिऱ्हाइकाला वाटेल, एफच्या शेजारीच आहे."

शेजारीच आहे. मध्ये फक्त मैलापाण्याचा प्लँट आहे.

८ जानेवारी

आज एका गिऱ्हाइकानं विचारलं, तुमच्या बिल्डरला गरिबांचा एवढा कळवळा कसा काय हो? हसू दाबलं. आमच्या चांदे गावातलं शेंबडं पोरही सांगेल — चाळीस छोटी घरं स्वस्तात बांधून द्यायची, त्या बदल्यात सरकार प्रत्येक टॉवरवर दोन मजले जादा चढवू देतं. म्हणजे चाळीस घरं खाली गटाराला, बारा मजले वर हवेत. आणि माहितीपत्रकावर हसऱ्या म्हातारीचा फोटो.

पण मी कशाला नाक मुरडू? झेडमधलं चार नंबर माझं आहे! सरांनी दिवाळीत शब्द दिलाय. आईचे गुडघे गेलेत म्हणून तळमजला मागून घेतला. घरमालक हैबतराव मे महिन्यात आमच्या खोल्या पाडणार — जागा आमच्याच बिल्डरला विकली त्यांनी. चौदा वर्षं भाड्यानं राहतोय तिथं. आईनं पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलंय, निळं. मी प्लंबरच्या मागे भुणभुण लावून चार नंबरचा नळ चालू करून घेतला. चाळीस घरांत पाणी येणारं तेवढं एकच.

१७ जानेवारी

नवीन कटकट. सरकारी साहेब तपासणीला येणार. घरं नुसती बांधलेली चालत नाहीत. निदान एक कुटुंब ताबा घेऊन राहताना दिसलं पाहिजे. तरच वरचे मजले. सर म्हणाले, अस्सल गरीब शोधून आण, कागद पक्के हवेत, चार दिवस राहतील आणि जातील. मी म्हटलं, मीच जाते की आईला घेऊन! सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू गरीब वाटत नाहीस. ड्रेसला इस्त्री असते."

घ्या. पंधरा रुपयांच्या इस्त्रीनं श्रीमंत झाले.

१९ जानेवारी

रिहे गावाच्या अलीकडे भाताच्या रिकाम्या खाचरात सावळा आणि तानूबाईची मेंढरं बसलीत. टेकडीवरच्या धनगरवाडीची ही नवरा-बायको. आमचे टॉवर आहेत ना, तिथंच पूर्वी त्यांचा कळप चरायचा. स्वतःचं घर म्हणजे कुडाचं, तेही गेल्या पावसात बसलं. याहून अस्सल कुठून आणू?

सगळं समजावून सांगितलं. सावळा मेंढरांकडेच बघत होता. बोलते ती तानूबाई. तिनं एकच विचारलं.

"किती राती?"

बरोबरच आहे. खतासाठी कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची तर आधी राती ठरतात, त्या बदल्यात धान्य ठरतं. आणि ठरलेल्या राती भरल्याशिवाय मेंढरांचा वाडा उठत नाही. मधेच उठवणाऱ्या शेतकऱ्याकडे पुढच्या साली कुणी मेंढरू फिरकवत नाही. मी सरांना फोन लावला. सर घाईत होते. "सांग ना, आमचं काम होईपर्यंत." तसंच सांगितलं. दोन पोती तांदळावर ठरलं.

सर जाम खूश. चार हजारांत गरीब मिळाले म्हणाले.

२२ जानेवारी

आली तानूबाई, मागून सावळा. घोंगड्या, तवा, दोन कोकरं, एक कोंबडी. बाकी कळप भावाकडे. कुठल्या घरात ठेवणार? पाणी चार नंबरलाच! माझ्याच हातानं कुलूप काढलं. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आईला सांगितलं नाही.

३० जानेवारी

तपासणी पुढं ढकलली. दुसऱ्यांदा. तानूबाईनं बाल्कनीत तीन विटांची चूल मांडलीय. एफ टॉवरमधून धुराची तक्रार आली. सेल्सची पोरगी गिऱ्हाइकाला सांगत होती, आमच्याकडे गावाकडचं वातावरण जपलंय. गिऱ्हाइकानं कोकराबरोबर सेल्फी काढला!

१३ फेब्रुवारी

साहेब आले एकदाचे. माणूस सरळ निघाला, प्रत्येक कागद वाचला. उत्पन्नाचा दाखला खरा, पक्कं घर नसल्याचा दाखला खरा. चूल पेटलेली, कोंबडी अंड्यावर. ताबापत्र मीच टाइप केलं होतं — तानूबाईचं नाव, झेड बिल्डिंग, चार नंबर. किल्ली देताना फोटो झाला. सर माझ्या कानात म्हणाले, नंतर रद्द करून घेऊ.

बारा मजले मंजूर. ऑफिसात पेढे.

२० फेब्रुवारी

सर पेढ्यांचा पुडा घेऊन तानूबाईला उठवायला गेले. मीही गेले. काम झालं, आता निघा, म्हणाले. तिनं पेढा तोंडात टाकला आणि वर टॉवरकडे बोट केलं.

"कुटं झालंय? मजलं अजून चढायचं हायेत की."

बारा मजले म्हणजे तीन वर्षं. सरांचा आवाज चढला, पोलिसांचं नाव निघालं. ती म्हणाली, ठरलंय तसं आमी बसलोय, तुमीच उठवताय, मग खोऱ्यात सांगा तसं. सरांनी तिथूनच वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, हात लावू नका! ताबा खरा, कागद खरे. ती बाई बाहेर काढलीत तर मजले जातील.

सरांचं तोंड बघून मला हसू आवरेना. गेटपर्यंत हसत आले. मग आठवलं, घर कुणाचं होतं. वॉचमनच्या केबिनमागं जाऊन रडले.

८ मार्च

सरांना म्हटलं, मला दुसरं घर द्या. म्हणे उरलेल्या घरांची सरकारी सोडत निघेल, तू अर्ज कर, नशीब असेल तर लागेल. आणि शब्द? तो चार नंबरपुरता होता म्हणे. ऑफिसात महिला दिनाचा केक होता. मी खाल्ला नाही.

आईला सगळं सांगितलं. तिनं निळं कापड घडी घालून ट्रंकेत ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

६ मे

हैबतरावांचा जेसीबी उद्या सकाळी. अर्धी दुनिया पालथी घातली. शेजारच्या लवळे गावात खोल्यांचं भाडं विद्यार्थ्यांनी चढवून ठेवलंय. आईला जिना नको.

७ मे

खोली पडली. आईची खाट टेम्पोत, आणि टेम्पो कुठं न्यायचा ते ठाऊक नाही. झेडच्या दारात पाण्यासाठी थांबलो. तानूबाईनं खाट बघितली, आईचे गुडघे बघितले, कोकरं बाजूला हाकलली. मी विचारलं, थोडे दिवस राहू का?

"किती राती?"

बारा मजले चढेपर्यंत, मी म्हटलं.