पोट न दुखलेला हिवाळा

कुलजेरिन, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१२ मार्च १९७२

चि. उना हिस, आईचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर नेरिडा ठीक नाही. पाच वर्षांची झाली, पण हातापायांच्या नुसत्या काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. दिवसातून सहा-सहा वेळा मागच्या दारी पळते आणि परत आली की पोट धरून कोपऱ्यात बसते. गावचे डॉक्टर म्हणाले, काही मुलं असतातच अशी, वाढेल तशी सुधारेल. मी म्हटलं, अहो, पण वाढतेय कुठे?

जिल वारल्यापासून तिची आई आता मीच. माझ्या हातचं खाऊन पोर वाळत चालली, याची मला लाज वाटते. सकाळी लोणी लावलेला पाव, दुपारी सांजा, चहाला मैद्याचे गरम स्कोन, कशाला म्हणून कमी करत नाही. तू तिथे मेलबर्नच्या मुलांच्या इस्पितळात पोटांचंच संशोधन करतेस ना? मग दुसऱ्यांची पोरं बघतेस तशी तुझ्या भावाची, कीथची पण बघ.

कीथ गहू उत्पादक संघाचा अध्यक्ष झाला. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं म्हणजे सभेत उभं राहून बोलणं. बाकी स्वभाव होता तसाच आहे.

उत्तर लवकर दे. जेवत जा. माया आहेच, ती पत्रात काय लिहायची.

तुझी आई,
विनिफ्रेड

*

मेलबर्न
२ एप्रिल १९७२

तीर्थस्वरूप आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस चैन पडलं नाही. नेरिडाला घेऊन ये. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खाट मोकळी होईल. आधी जमलं असतं तर बरं झालं असतं, पण आमच्याकडे रांग मोठी आहे. इथे आम्ही मुलांना एक चिमुकली धातूची कुपी गिळायला लावतो. तिला लांब बारीक नळी असते. कुपी आतड्यात पोचली की तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापून घेते, तो आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मूल रडतं थोडं, पण दुखत नाही.

माझा संशय कुणावर आहे सांगू? कीथला कळलं तर तो मला कोठारात कोंडून वरून धान्य सोडेल, पण माझा संशय गव्हावर आहे. गव्हाच्या चिकात असं काही असतं की काही मुलांच्या आतड्याची लव झडून जाते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. या आजाराला सीलिएक म्हणतात. अध्यक्षांच्याच घरात गहू गुन्हेगार निघाला तर संघाची सभा बघायला मी मुद्दाम येईन!

असो. चेष्टा बाजूला. तू काळजी करू नकोस, आतड्यात काय आहे ते आम्हाला बरोबर दिसतं.

लोभ आहे तो वाढावा.

तुझी उना

*

कुलजेरिन
१८ जून १९७२

चि. उना हिस, अ. उ. आ.

पेरणी आटोपली. तुझं पत्र देवाच्या दयेने त्या दिवशी मीच स्टेशनावरून आणलं, नाहीतर कीथने ते रविवारच्या जेवणात तुझ्या वडिलांसारखं मोठ्याने वाचलं असतं. या घरात पत्र एकाचं नसतं, विसरलीस? असलं पुन्हा लिहू नकोस. तुला काय म्हणायचं ते मला कळलं. माझ्या परीने करतेय. त्यावर आता एक अक्षरही नको.

नेरिडाला बरं आहे. थंडी मानवली असावी. परवा कुत्र्यामागे थेट कुंपणापर्यंत धावली आणि धापा टाकत हसत बसली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, भांडी तशीच राहिली.

ऑगस्टात मीच तिला घेऊन येते. तीन दिवसांचा आगगाडीचा प्रवास या वयात झेपेल का, असं कीथने विचारलं. मी म्हटलं, तुला वाढवून झालं, त्यापुढे आगगाडी काय!

वाट बघ.

तुझी आई

*

मेलबर्न
३ सप्टेंबर १९७२

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. तुला फलाटावर सांगितलं तेच कीथसाठी पुन्हा लिहिते, म्हणजे त्याला रविवारी वाचता येईल. नेरिडाचं आतडं स्वच्छ आहे. लव शाबूत, अगदी गालिच्यासारखी. मी स्वतः तीनदा बघितलं. माझा संशय खोटा ठरला, गहू निर्दोष सुटला. अध्यक्षमहाराज, मी आपली माफी मागते.

आई, खरंच फार हलकं वाटतंय. आमच्या संशोधनात 'आजार नाही' अशा एकेचाळीस मुलांची यादी आहे. त्यात नेरिडाचं नाव मी स्वतःच्या हाताने घातलं. आता तिला पोटभर पाव दे, स्कोन दे, सगळं दे.

एक तक्रार. गाडीत खायला आणलेल्या डब्यातली तुझी बिस्किटं मी चार खाल्ली, नुसता भुगा! गावच्या प्रदर्शनात केकचं पहिलं बक्षीस दरसाल नेणाऱ्या बाईला हे शोभत नाही. ऑक्टोबरच्या आत हात सुधार.

माया आहे, तीच पुरे.

तुझी उना

*

कुलजेरिन
६ ऑक्टोबर १९७४

चि. उना हिस, अ. उ. आ.

दोन वर्षं तुला त्रास दिला नाही, आज देते. नेरिडाचं पहिल्यासारखंच झालंय. पोट फुगतं, शाळेतून अर्ध्या दिवसात घरी आणावी लागते. सात पूर्ण झाली तरी पहिलीतल्या मुलांच्या रांगेत उभी केली तर खपून जाते. पुन्हा एकदा ती कुपी घालून बघशील का? माझं मन सांगतं की बघावं. का ते मला नीट सांगता येत नाही.

कीथ म्हणतो की डॉक्टरांनी एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही. तू सांगशील ते खरं.

तुझी आई

*

मेलबर्न
३ नोव्हेंबर १९७४

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी घालमेल कळते. पण स्वच्छ निघालेल्या आतड्यात पुन्हा कुपी घालायची म्हणजे पोरीला उगाच छळायचं. मी इथल्या वरिष्ठांशीही बोलले. आमचं मत असं पडलं की नेरिडाचं दुखणं पोटातलं नाही, मनातलं आहे. चार वर्षांची असताना तिची आई गेली. अशी मुलं आईची आठवण आली की पोट धरतात. तिच्यापुढे जिलचा विषय फार काढू नका, तिचं मन दुसरीकडे रमवा. वेळ जाईल तसं बरं होईल.

कापणी जवळ आली असेल. कीथला सांग, माझ्या वाटणीची धूळ पण खाऊन टाक.

लोभ ठेवा.

तुझी उना

*

मेलबर्न
७ मे १९७८

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

नेरिडाचं मनगट मोडल्याचं कीथने फोनवर सांगितलं. दीड वर्षात दुसऱ्यांदा! झोपाळ्यावरून पडून एवढं होऊ नये. हाडं इतकी ठिसूळ का, याचा विचार करतेय, सुचत काही नाही.

सोबत एक छापील कागद आहे. झालं असं की आमच्या त्या एकेचाळीस जणांतला एक मुलगा पुढे फार आजारी पडला. तेव्हा कळलं की त्याच्या आईने तपासणीआधीच गहू बंद केला होता. गहू थांबला की आतड्याची लव पुन्हा उगवते, मग कुपीला काय दिसणार? म्हणून सगळ्या घरांना विचारतोय की तपासणीच्या आधीच्या महिन्यांत मूल काय खात होतं. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, पण आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. तुला कागद नियमापुरता पाठवतेय. गव्हाच्या शेतावर गहू खाल्ला असंच उत्तर येणार. भरून धाड, म्हणजे आमच्या कारकूनबाई गप्प बसतील.

जपून राहा.

तुझी उना

*

कुलजेरिन
४ जून १९७८

चि. उना हिस, आशीर्वाद.

तुझा कागद तीन आठवडे चहाच्या डब्याखाली ठेवला होता. आज भरला. त्यावर जागा कमी पडली म्हणून हे पत्र. ते मी स्वतः स्टेशनावर नेऊन टाकते.

उना, त्या वर्षी एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत नेरिडाने गव्हाचा कण खाल्ला नाही. तुझं ते चेष्टेचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुरतं पीठ बदललं. तांदळाचं आणि मक्याचं. कीथच्या पानात गव्हाचा पाव, तिच्या पानात माझा वेगळा, वरून दिसायला सारखा. ज्या घराच्या चार पिढ्या गव्हावर जगल्या, तिथे गहू विष आहे असं ताटावर कसं सांगायचं? कीथने मला वेड्यात काढलं असतं. आणि तुला कळवायचं तर उत्तर रविवारी सगळ्यांसमोर वाचलं जाणार. डब्यातली बिस्किटं भुगा झाली ती त्यामुळे. तांदळाच्या पिठाला धरून ठेवणारं काही नसतं.

तू म्हणशील, मेलबर्नला तोंड होतं ना? होतं. पण तू लिहिलं होतंस की आतड्यात काय आहे ते तुम्हाला बरोबर दिसतं. मला वाटलं, यांना सगळं आपोआप कळेल, मी अडाणी बाई काय सांगणार. शिवाय, हसू नकोस, मला वाटलं मी चांगलंच करतेय. पाहुणे यायच्या आधी घर झाडून ठेवतात ना, तसं मी पोरीचं पोट तुमच्यासाठी झाडून ठेवलं.

मग तू हसत आलीस, गहू निर्दोष म्हणालीस. इतकी खूश होतीस. मला वाटलं, आपलीच समजूत चुकली, पोर थंडीने सुधारली असेल. घरी आल्यावर मी स्वतःच्या हाताने तिला पाव दिला आणि सहा वर्षं देत राहिले. ती नको म्हणायची तेव्हा रागावून दिला. चौऱ्याहत्तर साली तुला लिहिताना जिभेवर आलं होतं, पण ते पत्र कीथच टाकायला नेणार होता आणि पाकीट उघडंच होतं.

आता अकरा पूर्ण झाली. सात वर्षांच्या पोरीचा फ्रॉक तिला होतो. हे माझ्यामुळे झालं. बोलायचं असेल ते बोल, मी ऐकून घेईन.

आई

*

मेलबर्न
११ जून १९७८

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. पत्र वाचून आधी तुझाच राग आला. अर्धा दिवस टिकला. मग जुन्या फायलीतून नेरिडाचे कागद काढले. माझ्या हस्ताक्षरातली अकरा पानं आहेत. वजन, उंची, रक्त, कुपी किती वाजता गिळली, किती वाजता काढली, सगळं आहे. ही पोर जेवते काय, एवढं एक कुठेही नाही. तू मला 'माझ्या परीने करतेय' असं लिहिलं होतंस. मी समजले, तू प्रार्थना करतेस. आणि पुरावा तर मी खाल्ला, आई. चार बिस्किटं खाल्ली आणि तुझ्या हाताला नावं ठेवली.

तू डॉक्टर नव्हतीस. तरी एका चेष्टेवरून तुझं निदान बरोबर होतं आणि तुझ्या हातून पोर बरी होत होती. ते मी थांबवलं.

तिला लगेच घेऊन या, या वेळी विमानाने. तीन आठवड्यांनी खाट मिळते. तोपर्यंत तिला पावच द्या. आज बंद केला तर पुन्हा सगळं स्वच्छ दिसेल आणि पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही. सहा वर्षं दिलात, आणखी एकवीस दिवस.

हाडं भरून येतील. उंची काही मिळेल, सगळी नाही मिळणार. एकेचाळीस जणांवर लिहिलेला आमचा प्रबंध चुकीचा आहे, असं मी छापायला दिलंय. इथे लोक माझ्याशी तुटक बोलतात. बोलोत.

हे पत्र रविवारी मोठ्याने वाच. कीथला सगळं कळू दे.

तुझी उना

*

कुलजेरिन
२९ ऑक्टोबर १९७८

ती. उनाआत्यास, शि. सा. न. वि. वि. (असंच सुरू करायचं, आजीने सांगितलं.)

मी मजेत आहे. वजन साडेतीन किलो वाढलं. उंची दाराच्या चौकटीवर बाबांनी पेन्सिलीने मारली, दोन बोटं वाढलीय. बाबा म्हणतात, पेरणी उशिरा झाली म्हणून पीक सोडून देतात का.

तुझं जूनचं पत्र बाबांनीच रविवारी वाचलं. मधेच थांबले आणि ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जाऊन बसले. या वेळी कुपीत आजार दिसला आणि आम्ही मेलबर्नहून परत आलो, तेव्हा त्यांनी गव्हाच्या पिठाचा मोठा डबा उचलून शेडमध्ये नेऊन ठेवला. आता त्यांचा पाव ते तिथेच उभ्याने खातात. दुकानात चष्मा लावून प्रत्येक डब्यावरचं वाचत बसतात, मागे रांग लागते. आजीने प्रदर्शनात तांदळाचा केक ठेवला. परीक्षकबाई म्हणाल्या की स्पंज केकच्या गटात हा बसत नाही, बाद. आजी म्हणाली की बाई, मी हा केक बक्षिसासाठी केलाच नव्हता. तो तिथेच कापून सगळ्यांना वाटला. भुगा झाला नाही.

आत्या, मला तो हिवाळा आठवतो. पोट दुखत नव्हतं तो. मी कुत्र्यामागे धावले होते. मी शाळेत सांगायचे की एकदा माझं पोट दुखायचं थांबलं होतं. सगळे म्हणायचे, तुला स्वप्न पडलं असेल. मग मलाही तसंच वाटायला लागलं. तू मेलबर्नला मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तुम्ही सगळे आजीशीच बोलत होता.

अजून एक आहे. तुझं आधीचं एक पत्र बाबांनी वाचलं होतं, मी सात वर्षांची होते तेव्हा. त्यात होतं की मला आईची आठवण आली की माझं पोट दुखतं. म्हणून मी ठरवलं की आईची आठवण काढायची नाही. आली की मी पाढे म्हणायचे. सतराचा म्हणेपर्यंत जायची. पोट तरी दुखायचंच, म्हणून मी आणखी जोरात म्हणायचे.

आता दुखत नाही, तर आठवण काढली तरी चालेल ना? मी रोज झोपायच्या आधी बसते. पण काहीच येत नाही. फोटो आहे, पण फोटोत ती बोलत नाही. तू तिला ओळखत होतीस. ती कशी बोलायची, कशाला हसायची, मला काय म्हणून हाक मारायची, ते सगळं लिहून पाठव. कितीही मोठं झालं तरी चालेल.

पाकिटावर माझं नाव घाल. बाबांना सांगून ठेवलंय, हे पत्र रविवारचं नाही.

लोभ असू दे. वाट बघते.

तुझी नेरिडा