शाळेत लिहिलेलं वय

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय, कारण माझ्या मुलीचं खरं वय माझ्याखेरीज फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

मी तुमच्या शाळेत शिपाई होतो. हिची आई गेल्यावर मी हिला गावाहून दिल्लीला आणलं आणि शाळेत नाव घालायला तुमच्या टेबलासमोर उभं केलं. साडेसहा वर्षांची, पण अंगानं एवढीशी. मी साडेचार सांगितलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. "अहो, हिचे पुढचे दात गेलेत. साडेचार वर्षांच्या पोरीचे जातात का?" मी म्हणालो, "जिन्यावरून घसरली, बाई." पोर माझ्याकडे बघत राहिली. तिला बाहेर पाठवून मी खरं सांगितलं. पुढे सरकारी नोकरीत दोन वर्षं जास्त मिळतील, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांत सगळे असंच करतात. "मला खोटं लिहायला लावताय," म्हणालात, आणि लिहिलंत. मग आठवडाभर माझ्या हातचा चहा घेतला नाहीत.

ती सरकारी नोकरी तिनं केलीच नाही. तिचं शिक्षण होईतो जमानाच बदलला. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तिथल्या परदेशी कंपनीत ती लागली. मयूर विहारला फ्लॅट घेतला, मलाही बोलावून घेतलं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर आता तिला दिवस राहिलेत. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, म्हणून आम्ही तिघंच जाणतो. जावई टूरवर, तेव्हा सोमवारी सोनोग्राफीला तिच्याबरोबर मी गेलो.

काउंटरवरच्या मुलीनं हिचं आधार कार्ड बघून जन्मतारीख कॉम्प्युटरमध्ये टाकली. मी उगाच विचारलं, "बेटा, इसमें उमर का क्या काम?"

"अंकल, हिसाब तो उमर से ही शुरू होता है."

तिनं समजावून सांगितलं. बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, आईचं रक्त बघतात, त्यात आईचं वय धरतात. मग बाळात जन्माचा दोष असण्याची शक्यता किती, त्याचा आकडा निघतो. वय जास्त तर धोका जास्त. आकडा वाईट आला तर पुढे पोटात सुई घालून तपासणी. मी खुर्चीत बसून बोटांवर हिचं खरं वय मोजलं.

आकडा चांगला आला. परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "आता सांगू या सगळ्यांना, बाबा!" मी म्हटलं, थांब जरा. "तुम्हाला ना, चांगल्या गोष्टीतही खोट दिसते," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगावं तर तिचा आनंद जातो. न सांगावं, आणि बाळाला काही निघालं तर? तपासणीची वेळही निघून जाईल. आज सकाळी ती चहा गाळत असताना सांगून टाकलं. तू छत्तीसची नाहीस, अडतीसची आहेस.

तिनं गाळणं खाली ठेवलं. म्हणाली, "म्हणजे मी जिन्यावरून पडलेच नव्हते?"

"नाही."

"मला तर तो जिना आठवतो, बाबा."

मग तिनं सेंटरला फोन लावला. मधेच फोनवर हात ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरी तारीख सांगा." मी सांगितली. तिनं कागदावर लिहून घेतली आणि तिकडे दोनदा वाचून दाखवली.

नवा आकडा उद्या मिळणार आहे. ती दार लावून आत बसली आहे. मी बाल्कनीत हे लिहितोय. लिहून कुठे टाकणार, ते मलाही कळत नाही. बाई, वर्ष मी खरं सांगितलं. महिनाही खरा, पौषातला, इतकं पक्कं आहे. दिवस तिच्या आईला ठाऊक होता. मला काही केल्या आठवेना, आणि ती फोन धरून उभी होती, म्हणून मनानंच एक सांगून टाकला.