तेलाच्या काचेवरचं कुंकू

राहुरी, मंगळवार संध्याकाळ

शिसारी आली आज. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअर सकाळपासून घरघरत होता. हात लावला तर बेअरिंगचा चटका बसला. तेल बघायला वाकलो, तर तेलाची पातळी दाखवणाऱ्या गोल काचेवर खंडेनवमीचं कुंकू अजून तसंच. मग इथले कामगार रोज "तेल ठीक आहे" म्हणून सांगत होते ते कशाच्या जोरावर?

पुसायला लागलो तर सुपरवायझर म्हणतो, "पूजेचं कुंकू हाय साहेब, ऱ्हाऊ द्या की."

पुसलं. आत तेलाचा थेंब नाही.

ब्लोअर बंद केला, टाकीतली हवा थांबली. आता टाकीचा वास जेवणाच्या ताटापर्यंत आलाय आणि बोटाचं कुंकू निघत नाही. ब्लोअरला हात सगळ्यांनी जोडले, लावला एकानंही नाही.