आम्ही यांना ओळखत नाही

मी, खाली सही करणारा, परमुलुखातून येऊन याच गल्लीत म्हातारा झालेला न्हावी, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल आमच्या हिला शंका आहे. तिकडे लक्ष देऊ नये.

१. वरची खोली व भांडीकुंडी हिची. "आता आमच्याकडे चल" म्हणून कोणी तिच्या मागे लागू नये.

२. दुकान, आरसे व फिरती खुर्ची नातीला. शेजारच्या शिंप्याने माझी चांगली कात्री नेऊन बोथट केली. त्याला माफ केले आहे, पण कात्री पुन्हा देऊ नये.

३. चौकीतले हवालदार. मागे बाजारात मला भोवळ आली आणि घरचा रस्ताच सुचेना. हवालदारांनी हाताला धरून गल्लीत आणले व विचारले, "हे बाबा कोणाचे?" पोलिसांनी कोणाबद्दलही विचारले की कानांवर हात ठेवायचे, ही आम्हा बाहेरून आलेल्यांची सवय. शिंपी म्हणाला, "माहीत नाही बुवा." खिडकीतून ही म्हणाली, "आम्ही यांना ओळखत नाही." झाला संसार! हवालदार हसले नाहीत, चिडलेही नाहीत. हिला धीर येऊन ती खाली येईपर्यंत माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिले. तेव्हापासून ते दाढीला माझ्याकडेच येतात. मला त्यांचा फार लळा लागला आहे.

४. माझा मुलगा. मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा नुसत्या बोलण्याच्या ढबीवरून त्याला संशयाने धरले आणि दिवसभर चौकीत बसवले. काही निघाले नाही, आणि "चुकलो" असे कोणी म्हटलेही नाही. आजही हवालदार दुकानात आले की तो मागच्या दाराने जातो. त्याचा राग खरा आहे. हवालदार म्हणाले, "त्याच्या जागी मी असतो तर मीही उठून गेलो असतो." पण मला दोघेही जवळ हवे आहेत.

५. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मुलाला मी मुद्दाम काही ठेवलेले नाही, हवालदारांनाही नाही. साक्षीदार दोन लागतात आणि दुकानात बाक एकच आहे. बाळा, बाप म्हणून एवढेच मागतो.

ठिकाण: दुकान. दिनांक: आज, सुट्टीचा वार.

सही: न्हावी

साक्षीदार पहिला: हवालदार. साध्या कपड्यांत आलो आहे.

साक्षीदार दुसरा: मुलगा. बाबांसाठी बसलो. चौकीतल्या त्या दिवसाबद्दल या हवालदारांना सगळे सांगायचे आहे, म्हणून सही झाली तरी अजून बसलो आहे.