ॲलर्जीची कोरी जागा

मंगळवार संध्याकाळ, हेब्बाळ

दुपारी एका लहान हॉस्पिटलच्या प्रोग्रामरचा फोन आला. आमची डेटाबेसची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा असा तयार कोड, ते वापरतात. तिच्यातलं लेझी लोडिंग माझं: आधी फक्त पेशंटचं नाव आणायचं, बाकीची माहिती मागितली तरच. पण मधेच डेटाबेसचं कनेक्शन तुटलं, तर माझा कोड एरर देत नाही. गुपचूप कोरं उत्तर देतो. कोरं!

त्यांच्या स्क्रीनवर एका बाईंची ॲलर्जीची जागा कोरी दिसली. पेनिसिलिनचं इंजेक्शन भरूनही झालं होतं. बाईंनीच विचारलं, "हे कसलं?" म्हणून वाचल्या. नसतं विचारलं तर?

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "बाई बरी आहे ना? मग स्वल्प शांत हो की."

"अक्का, हा कोड अजून कुठे कुठे चालतोय, मलाच माहीत नाही. कुणाकुणाला कळवू?"

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसून राहिली.

दुरुस्ती केली. आता कनेक्शन नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबेल, कोरी जागा दाखवणार नाही. ॲलर्जीसारखी माहिती नावाबरोबरच आणा, म्हणजे ईगर लोडिंग वापरा, असंही लिहिलं. नवी आवृत्ती टाकली. वर मोठ्या अक्षरात सूचना: ताबडतोब बदला.

पण ती वाचणार कोण? दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या मी रोज वापरते. त्यांच्या सूचना मी तरी कधी वाचल्यात?